हळदीचा व्हिडिओ टीव्हीवर मुका का होतो?

लग्नसराई संपली की आमच्या जांभूळ गावात एक प्रश्न हमखास येतो. व्हिडिओवाल्याने दिलेला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, चित्र दिसतंय पण आवाजच नाही!

टीव्ही बिघडलेला नसतो. एमकेव्ही किंवा एमपी४ हा फाइलचा प्रकार म्हणजे नुसता टँकर. खरा प्रश्न आत काय भरलंय याचा, म्हणजे कोडेकचा. (आमच्या या जलशुद्धीकरण केंद्राच्या गावात टँकरचं उदाहरण, चालवून घ्या.) आवाजाचा कोडेक डीटीएस असेल तर बरेच टीव्ही गप्प बसतात. चित्राचा कोडेक एच.२६५ असेल तर जुने टीव्ही तेही दाखवत नाहीत. ते मानकच २०१३चं.

अँड्रॉइड टीव्ही असेल तर आधी व्हीएलसी हा प्लेअर टाका. फुकट, बिनजाहिरातीचा, आणि बहुतेक कोडेक स्वतःच उलगडतो. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा खटाटोप! मला स्वतःला कोडी हा दुसरा प्लेअर आवडतो. सिनेमांची पोस्टरं, माहिती सगळं कसं मांडून ठेवतो! पण चार घरगुती व्हिडिओंसाठी एवढा पसारा कशाला?

टीव्ही साधा असेल तर एचडीएमआयला लागणारा अँड्रॉइड बॉक्स घ्या. मात्र दुकानदाराचा डेमो नको, आपलीच फाइल तिथे लावून बघा.

आणि हो, फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्याआधी आतला माल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मराठी सबटायटलच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.