परवान्याला परवाना लागतो का?

पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की इशाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीची बाहेरची भिंत बघण्यासारखी असते. ट्यूबलाइटच्या उजेडात पतंगांची नुसती गर्दी. काही नखाएवढे, काही तळहाताच्या अर्ध्याएवढे. कोणी राखाडी, कोणी पिवळसर, एखादा अगदी सागाच्या वाळक्या पानासारखा. मुलं नमाजहून परतताना तिथेच रेंगाळतात आणि उशीर झाला म्हणून घरी बोलणी खातात.

मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. गेल्या वर्षी एकाच दिवशी उर्दूच्या तासाला शमा आणि परवाना आले आणि मराठीच्या तासाला अर्जलेखन, विषय ‘परवाना मिळणेबाबत’. सहावीतल्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या बाकावर पुठ्ठ्याच्या खोक्यात चार हिरव्यागार अळ्या होत्या. म्हणाला, “टीचर, परवान्याला परवाना लागतो का?”

वर्ग हसला, मीही हसले. फारसीतून उर्दूत आलेल्या या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, दिव्यावर झेपावणारा पतंग आणि सरकारी हुकूमनामा. मराठीने त्यातला फक्त हुकूमनामा घेतला. पण मुलाचा प्रश्न शब्दापुरता नव्हता. या अळ्या आणायला, डब्यात ठेवायला, मेल्यावर सुईला लावून ठेवायला आपल्याला परवानगी आहे का, आणि ती द्यायची कोणी, हे त्याला खरंच विचारायचं होतं.

हा छंद आमच्या शाळेत शिरला तो अंगणातल्या तगरीमुळे. एका पावसाळ्यात तिची पानं कोणीतरी कुरतडू लागलं. शिपाईमामा औषध मारणार होते, तेवढ्यात मुलींना अळी सापडली. बोटभर लांब, हिरवी, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची रेघ, शेपटीवर आखूड नारिंगी शिंग. तिला डिवचलं की डोकं आत ओढते आणि मानेवर दोन निळे-पांढरे डोळे उघडतात. ते खरे डोळे नसतात, पक्ष्याला भिववायची सोय. ही कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. कण्हेर आणि तगर ही तिची आवडती झाडं. कण्हेरीचा चीक विषारी असतो, त्यामुळे मुलांच्या हाती पानं देताना मी तगरच देते आणि नंतर साबणाने हात धुवायला लावते. घरी कोणी करणार असेल तर हा नियम आधी पाळावा.

अळी पाळणं अवघड नाही, पण रोजचं आहे. ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं लागतात. दुसरी ती खात नाही, उपाशी मरते. पानं रोज ताजी द्यायची, धुतली असतील तर कोरडी करून. लेंड्या रोज काढायच्या, नाहीतर बुरशी येते. डब्याला घट्ट झाकण नको, मलमलचा तुकडा आणि रबर पुरे. ऊन लागू द्यायचं नाही. जुम्याची सुट्टी असो की ईदची, पानं द्यावीच लागतात. सुट्टीत डबा कोणाच्या घरी जाणार यावर आमच्याकडे दरवेळी भांडण होतं. दोन-अडीच आठवड्यांत अळी भरते, रंग तपकिरी होतो, खाणं सोडून डब्यात सैरावैरा फिरते. तेव्हा ती आजारी नसते, कोष करायला जागा शोधत असते. तळाशी माती आणि वाळका पाला घालून ठेवला की त्यात शिरते. आणखी दोन आठवडे वाट पाहायची.

कधी कधी पतंगाऐवजी माशी बाहेर येते. काही माश्या आणि गांधीलमाश्यांच्या जातीचे कीटक जिवंत अळीवर किंवा अळीत अंडी घालतात, त्यांची पिल्लं तिला आतून खातात. रेशीम पिकवणारे अशा एका माशीला उझी माशी म्हणतात आणि तिला फार घाबरतात. आमच्या एका मुलीने दोन आठवडे जपलेल्या कोषातून माशी निघाली तेव्हा तिने दोन दिवस डब्याकडे पाहिलं नाही. मी समजावायला गेले नाही. ही माशीही कोणीतरी निर्माण केलेलीच आहे, हे तिला आठवडाभराने आपणहून सुचलं.

आता चूक सांगते, ती माझीच होती. पहिल्या वर्षी मी कोष काचेच्या गुळगुळीत बरणीत ठेवला. पतंग बाहेर येतो तेव्हा त्याचे पंख ओल्या चिंधीसारखे असतात. त्याला खडबडीत काठीवर चढून उलटं लटकावं लागतं. मग शरीरातलं द्रव पंखांच्या शिरांत भरतं आणि पंख ताणले जातात. सुकून पक्के होण्याआधी ते ताणले गेले नाहीत तर आयुष्यभर चुरगळलेलेच राहतात. बरणीत काठी नव्हती. सकाळी मुलं आली तर पोपटी-गुलाबी रंगाचा सुंदर जीव तळाशी फडफडत होता, पंख चोळामोळा झालेले. त्याला उडता येणार नव्हतं. मुलांनी कापसाच्या बोळ्यावर साखरेचं पाणी दिलं. तो चार दिवस जगला.

त्या चार दिवसांत वर्गात जे प्रश्न आले ते कोणत्याही पुस्तकात आले नसते. आपण त्याला कोंडलं म्हणून तो असा झाला का? हो. मग गुनाह झाला का? मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. मला ज्या हदीस माहीत होत्या त्या सांगितल्या. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे येणाऱ्या अबू उमैर नावाच्या लहान मुलाने छोटा पक्षी पाळला होता. हुजूर त्या मुलाला त्याच्या पक्ष्याबद्दल प्रेमाने विचारत. म्हणजे पाळण्याला मनाई नव्हती. पण मांजरीला बांधून ठेवलं, खायला दिलं नाही आणि तिला स्वतः शोधून खाऊही दिलं नाही, त्या बाईचं काय झालं तेही आपण सगळे जाणतो. आणि प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली, ती घिरट्या घालू लागली, तेव्हा ती पिल्लं परत ठेवायला सांगितलं गेलं. ‘सूरह अल-कारिआ’मध्ये कयामतच्या दिवशी विखुरलेल्या माणसांना उपमा दिली आहे ती पतंगांची, हेही त्या दिवशी सांगितलं. मुलांनी त्यातून आपला नियम काढला: पोटभर देता येत असेल तरच ठेवायचं, आणि पंख आले की सोडायचं. तेव्हापासून प्रत्येक डब्यात काठी असते.

तो लुळा पतंग मेल्यावर मुलांना तो पुरायचा नव्हता, जपायचा होता. तिथून जतन करायला शिकलो. थर्माकोलला मधोमध खाच करायची, पतंगाच्या पाठीतून, पंखांच्या मधल्या जाड भागातून, बारीक सुई सरळ खाली न्यायची, धड खाचेत, पंख दोन्ही बाजूंना पसरून कागदाच्या पट्ट्यांनी दाबायचे. पंखांना बोट लावायचं नाही, खवल्यांची भुकटी निघते. आठवडाभर सावलीत सुकू द्यायचं. पतंग आधीच कडक झाला असेल तर ओल्या वाळूच्या बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवला की नरम पडतो. बुरशी येऊ नये म्हणून वाळूत दोन थेंब डेटॉल. मग झाकणाची पेटी, कोपऱ्यात डांबरगोळी, नाहीतर बारीक भुंगे वर्षभरात सगळ्याचा भुगा करतात. आमच्या पहिल्या पेटीचा झालाच. आणि प्रत्येक सुईखाली चिठ्ठी: गाव, तारीख, कोणत्या झाडावर, कोणाला सापडला. चिठ्ठी नसलेला पतंग म्हणजे नुसती भिंतीवरची शोभा.

शौकीन लोक ताजा पतंग विषाच्या बरणीत घालून मारतात, म्हणजे पंख अखंड राहतात. आम्ही ते करत नाही. फजरनंतर दिव्याखाली मेलेले, न चुरगळलेले पतंग रोज दोन-चार सापडतात, पेटीला तेवढे पुरतात. पण हा नियम मी सगळ्यांवर लादणार नाही. 1892 ते 1896 या काळात हॅम्पसन यांनी भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले, ते सुईला टोचलेल्या नमुन्यांवरूनच. कित्येक जाती आजही पोटाचा शेवटचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. अभ्यासकाला मारावं लागतं. सहावीच्या वर्गाला लागत नाही.

सरकारी परवान्याचं उत्तर सोपं आहे. शाळेच्या अंगणातली तगरीवरची अळी आणायला कोणाला विचारावं लागत नाही. मात्र आपल्या जिल्ह्यातल्या टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही, मेलेला पतंगही नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कीटकही येतात आणि काही फुलपाखरं तर कुठेही पकडायला बंदी आहे. 2008 साली दार्जिलिंगकडच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक होऊन शिक्षा झाली होती. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती आपल्या डब्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

मारण्यावरून बोलणं चाललं होतं तेव्हाच मी पकडले गेले. त्या दिवशी मी टसरची साडी नेसले होते. मुलांना मी कौतुकाने सांगत होते की टसर म्हणजे आपल्याच विदर्भातलं रान-रेशीम. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्या जंगलात या अळ्या चढवतात, ढिवर कुटुंबं दिवसभर पक्षी हाकत राखण करतात, अळी सुपारीपेक्षा मोठा, कडक, देठ असलेला कोष विणते. टसरच्या पतंगाला खाण्यासाठी तोंडच नसतं. तो अंडी घालण्यापुरता थोडे दिवस जगतो, आणि नर आपल्या पिसासारख्या मिशांनी मादीचा वास दुरून ओळखतो. एका मुलीने विचारलं, “आणि टीचर, कोषातला पतंग?” तो वाफेत मारतात, कारण बाहेर आला तर कोषाला भोक पडतं आणि धागा तुटतो. एका साडीला पुष्कळ कोष लागतात. “मग तुम्ही ही साडी नेसता कशी?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पुरुषांना रेशीम मना आहे म्हणून सुताचा थर अंगाला लागेल असं मश्रू विणणारे कारागीर निदान पळवाट तरी काढून गेले. मी ती साडी अजूनही नेसते, पण शाळेत नाही.

राहिली घरची परवानगी. यवतमाळात तीच सर्वांत कठीण. इथे अळी म्हणजे दुश्मन. गुलाबी बोंडअळी ही एका बारीक तपकिरी पतंगाची अळी, आणि 2017च्या हंगामात तिने या भागातली कपाशी बोंडाच्या आतून पोखरली. त्याच पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ज्या घराने ते पाहिलं, तिथे पोरगा अळ्यांचा डबा घेऊन आला तर आई काय करणार? परवान्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या अम्मीने डबा उकिरड्यावर फेकला आणि शाळेत येऊन मला खडसावलं, “टीचर, आम्ही शेतात अळी मारतो, तुम्ही वर्गात पाळता?”

त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. मी वाद घातला नाही, एवढंच विचारलं की शेतात कामगंध सापळे आहेत का. होते, पण मोजणारं कोणी नव्हतं. या सापळ्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी असते, नर येऊन अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त बोंडअळीचे पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, एरवी नाही, असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात. पण सापळ्यात इतर किडेही पडतात. त्यातला बोंडअळीचा कोणता हे ज्याला कळतं त्यानेच मोजावं. आमच्या मुलाला कळत होतं. त्याने वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला आणि रोज सकाळी मदरशाच्या आधी शेतावर जाऊन आकडे लिहिले. पाच, तीन, सहा, चार. अब्बूंनी एक फवारणी पुढे ढकलली. पुढे आकडा वाढला तेव्हा केलीच, पण तोंडाला रुमाल आणि हातमोजे घालून, आणि पोराला बांधावरही येऊ न देता.

यंदा भादव्यात त्याच अम्मीने मुलाबरोबर तिळाची एक फांदी पाठवली. तिच्यावर पिवळसर, अंगठ्याएवढी जाड, वाकड्या शिंगाची अळी. तिच्या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते, तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध खातो आणि हातात धरला तर उंदरासारखा चीं-चीं करतो. मुलाच्या नानीने कवटी ऐकताच तो मनहूस असल्याचं जाहीर केलं होतं. अम्मीने म्हणे तिला ऐकवलं की आपल्या दीनमध्ये अपशकुन नसतो.

ही अळी जमिनीत खोल शिरून कोष करते, म्हणून आम्ही बादलीत वीतभर ओलसर माती भरली आहे. सोमवारी ती मातीत गेली. बादली सध्या त्यांच्याच घरी आहे, पडवीत, आणि मधोमध काठी रोवलेली आहे.