परभाषेचे अध्यापन आणि यंत्राचे साहाय्य

इंदूर व त्याच्या आसमंतात सेवा करणाऱ्या मराठी पाळकाचे एका भाषेवर भागत नाही. होळकरशाहीपासून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत तो मराठी बोलतो. शहरातील नित्य व्यवहारास हिंदी लागते. खेड्यांत मालवी, नर्मदेकडे निमाडी आणि झाबुआच्या डोंगराळ मुलखात भिली कानी पडते. शिवाय ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासासाठी ग्रीक व हिब्रू ह्या सर्वस्वी परक्या भाषा शिकाव्या लागतात. आता ध्वनिमुद्रित पाठ व चित्रफिती प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवर आल्या आहेत. तेव्हा शिक्षकाचे काम यंत्रावर सोपवावे काय, हा प्रश्न आम्हां सर्वांपुढे आहे. ह्याविषयी झालेल्या संशोधनातून काय निष्पन्न होते, ते येथे थोडक्यात मांडू.

आपल्या देशात भाषेसाठी ध्वनियंत्राचा उपयोग जुना आहे. सर जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांनी भारतीय भाषांच्या पाहणीसाठी लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला नमुना म्हणून निवडला व तो शेकडो बोलींत उतरवून घेतला. मालवी, निमाडी आणि भिली ह्यांचे नमुने त्या ग्रंथाच्या नवव्या खंडात आहेत. पुढे ह्या पाहणीस जोड म्हणून अनेक बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. लिपीत न सापडणारा उच्चार यंत्राने जतन केला, ही त्याची मोठी सेवा होय.

परंतु जतन करणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत शाळाशाळांतून भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. विद्यार्थ्याने कानांस ध्वनियंत्र लावावे आणि वाक्य ऐकून ते पुन्हा म्हणावे, अशी ती पद्धत होती. त्या दशकाच्या उत्तरार्धात पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्रेंच व जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर विस्तृत प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत बसल्याने त्यांच्या प्रगतीत लक्षणीय फरक पडला नाही. हा निष्कर्ष पुष्कळांना धक्का देणारा होता.

ह्याचे कारण काय असावे? २००३ साली पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही बालकांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती बारा बैठकांत प्रत्यक्ष खेळल्या, बोलल्या. इतरांना त्याच व्यक्ती पडद्यावर दाखवल्या किंवा त्यांचा आवाज ऐकवला. पहिल्या गटाला चिनी ध्वनींतील भेद ओळखता आला. पडदा व आवाज ह्यांनी काहीच साधले नाही. मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुले दूरस्थ व्यक्तीशी पडद्यावरून प्रत्यक्ष संवाद करताना नवे शब्द शिकली. तयार चित्रफितीवरून शिकली नाहीत. म्हणजे दोष पडद्याचा नव्हे, तर प्रतिसादाच्या अभावाचा होता. बालकांवरील निष्कर्ष प्रौढांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे खरे. तरी त्यांतून मिळणारी दिशा स्पष्ट आहे.

केनियातील अनुभव तिला पुष्टी देतो. १९८० नंतरच्या काही वर्षांत तेथील प्राथमिक शाळांत रेडिओवरून इंग्रजी शिकवण्यात आली. पाठांत प्रश्नानंतर मुद्दाम विराम ठेवलेला असे. त्या विरामात मुले मोठ्याने उत्तर देत आणि वर्गशिक्षक त्यांच्यामध्ये उभा असे. ही मुले विशेषतः ऐकून समजण्यात इतरांच्या पुढे गेली. यंत्र तेच, परंतु त्यात उत्तरासाठी जागा ठेवली होती.

ह्यावरून आम्हांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मालवी वा भिली शिकणाऱ्या सेवकाने स्थानिक मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून तिच्या अनुमतीने एखादा दाखला ध्वनिमुद्रित करून घ्यावा. प्रत्येक वाक्यानंतर विराम असावा. दुसरी, तो पाठ रोज ऐकून त्या विरामात मोठ्याने म्हणावा. पुनरावृत्तीस यंत्र कंटाळत नाही आणि संकोची विद्यार्थ्यास ते हसत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आठवड्यातून एकदा तरी त्याच व्यक्तीजवळ बसून बोलावे व आपल्या चुका दुरुस्त करून घ्याव्यात. ग्रीक शिकणाऱ्यांनीही परस्परांस प्रश्न विचारून हाच क्रम पाळावा.

आपल्या प्रश्नोत्तरीस जे ‘कॅटेकिझम’ हे नाव आहे, त्याच्या मुळाशी तोंडी शिकवणे ह्या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे, ही आपली जुनीच रीत होय. जो सेवक केवळ ध्वनिफितीवरून भिली शिकेल, त्याला कदाचित भिलीतून उपदेश वाचता येईल. पण एखाद्या आजाऱ्याच्या खाटेशी बसून त्याचे गाऱ्हाणे समजून घेता येणार नाही. आपल्याला भाषा हवी आहे ती बोलण्याआधी ऐकण्यासाठी.