व्यसनांची रोजकीर्द

पेढीचा ताळेबंद वर्षअखेरीस हाती येतो. परंतु कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी थकू लागली आहे, हे मुनीमाला रोजकीर्द लिहितानाच उमगते. अमली पदार्थांच्या हिशेबातही अशा दोन वह्या असतात.

ताळेबंद म्हणावा असा अहवाल केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 साली प्रसिद्ध केला. दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञांनी त्यासाठी दोन लाखांवर घरांतून माहिती मिळवली. मात्र दारात आलेल्या परक्या माणसापुढे 'आमचा मुलगा नशा करतो' असे कोण सांगणार? म्हणून एका व्यसनाधीनाकडून दुसऱ्याचा माग काढण्याची पद्धतही वापरण्यात आली. काम मोलाचे खरे, पण असा ताळेबंद कैक वर्षांतून एकदाच मांडला जातो.

रोजकीर्द लिहितात ते व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशक, रुग्णालयातील डॉक्टर आणि पोलीस. अमेरिकेत 1976 पासून शहरोशहरीचे असे जाणकार वर्षातून दोनदा एकत्र बसून आपापल्या नोंदी ताडून पाहू लागले. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात 'गर्द' नावाचे विष तरुणांत पसरू लागले, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी आकडेवारीची वाट पाहिली नाही. व्यसनी मुलांना व त्यांच्या आईवडिलांना भेटून त्यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 मध्ये पुण्यात डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभे राहिले.

नोंद असूनही ती वेळेवर वाचली गेली नाही, तर काय होते? 'एमडी' अर्थात मेफेड्रोनची नोंद युरोपातील पूर्वसूचना यंत्रणेत 2008 साली झाली. ब्रिटनने 2010 मध्ये बंदी घातली. आपल्याकडे हा पदार्थ अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आला फेब्रुवारी 2015 मध्ये; तोवर मुंबईच्या तरुणांत तो 'म्याव म्याव' या लाडक्या नावाने रुळला होता. नावातच केवढी फसवणूक!

व्यापारी कुटुंबांनी त्या अहवालातील एक आकडा विशेष लक्षात घ्यावा. हुंगून नशा करण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वर्षांच्या मुलांत 1.17 टक्के आढळले. मुलांचे प्रमाण मोठ्यांहून अधिक असलेला हा एकच प्रकार. आणि हे पदार्थ कोणत्या चोरट्या अड्ड्यावर नव्हे, तर थिनर, डिंकाच्या नळ्या, पंक्चरचे सोल्यूशन या रूपांत साध्या दुकानांत मिळतात. एकच शाळकरी मुलगा आठवड्यात तिसऱ्यांदा थिनरची बाटली मागतो, तेव्हा ते सर्वप्रथम दिसते गल्ल्यावर बसलेल्या माणसाला. कोणत्याही डॉक्टरच्या आधी. विक्री दहा-वीस रुपयांची. ती नाकारून मुलाच्या घरी शब्द टाकता येतो. पालकांना सल्ला हवा असल्यास 14446 हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो गल्ल्याजवळ लिहून ठेवायला चिठ्ठीचा एक कपटा पुरतो.