सर्व्हिस जाळीत का अडकते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल किंवा चादर विणताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना धोटा ठाऊक असेलच. आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन तो उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सारखा धावत असतो. आता बिनधोट्याचे मागही आले आहेत, पण जुन्या मागांचा खटखटाट या धोट्याचाच. इंग्रजीत धोट्याला ‘शटल’ म्हणतात. बॅडमिंटनमधल्या फुलाला ‘शटलकॉक’ हे नाव मिळाले ते अशाच येरझारांवरून. दोघांत एक मोठा फरक मात्र आहे. धोट्याची वाट आखलेली असते. फुलाला आपली वाट हवेतून काढावी लागते. आणि हवा त्याला सुखासुखी जाऊ देत नाही!

बॅडमिंटन हा खेळ आपल्याला परका नाही. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याचे सुरुवातीचे नियमही तेथेच तयार झाले. त्या काळी या खेळाला ‘पूना’ असेच नाव होते. पुढे १९५६ साली सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू.

नव्याने खेळू लागलेल्या मुलामुलींची एक तक्रार नेहमी कानी येते. ‘बाकी सारे जमते, पण सर्व्हिस एकतर जाळीत जाते, नाहीतर इतकी उंच जाते, की समोरचा ती सरळ अंगावर मारतो.’ तक्रार गंभीर आहे. पूर्वी सर्व्हिस चुकली, तर फक्त सर्व्हिस जाई. २००६ पासून गुणांची पद्धत बदलली आणि आता चुकलेल्या प्रत्येक सर्व्हिसचा एक गुण थेट प्रतिस्पर्ध्याला मिळतो. गंमत अशी, की सर्व्हिस हा खेळातला एकच फटका असा आहे, ज्यात समोरच्याचा काही हात नसतो. वेळ आपली, जागा आपली, फूल आपल्याच हातात. मग ती चुकते का?

आधी मोजमापे पाहू. जाळीची उंची मधोमध १.५२४ मीटर म्हणजे बरोबर ५ फूट असते. जाळीपासून १.९८ मीटर अंतरावर दोन्ही बाजूंना सर्व्हिसची रेषा असते. आपण आपल्या रेषेच्या मागे उभे राहायचे आणि फूल पलीकडच्या रेषेपुढे, तिरप्या चौकोनात टाकायचे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१८ पासून असा नियम आहे, की फटका बसताना संपूर्ण फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असले पाहिजे. त्याआधी ही मर्यादा खेळाडूच्या सर्वांत खालच्या बरगडीवरून ठरत असे. म्हणजे फटका खालून वरच मारावा लागतो.

आता फुलाकडे वळू. त्याला १६ पिसे असतात आणि वजन जेमतेम ५ ग्रॅम. ते उंचावरून सोडले, तर प्रथम त्याचा वेग वाढतो; पण वेगाबरोबर हवेचा रोधही वाढतो. वेग दुप्पट झाला, की रोध चौपट होतो. दर सेकंदास सुमारे ६.८ मीटर वेगाला हा रोध फुलाच्या वजनाइतका होतो आणि त्यापुढे वेग वाढत नाही. यालाच अंतिम वेग म्हणतात. दगडाच्या बाबतीत एवढ्या वेगाला हवेचा रोध आपण विचारातही घेत नाही. फुलाच्या बाबतीत मात्र तो वजनाच्या तोडीस तोड असतो.

हे ध्यानात ठेवून एका सर्व्हिसचा हिशेब करू. समजा, हात पुढे करून जाळीपासून १.६ मीटर अंतरावर, १.१० मीटर उंचीवर फटका दिला. फूल जमिनीशी २८ अंशांचा कोन करून दर सेकंदास ८ मीटर वेगाने निघाले. या वेगाला हवेचा रोध फुलाच्या वजनाच्या सुमारे १.४ पट असतो. सेकंदाच्या दर विसाव्या भागात वेग किती घटतो आणि फूल कोठे पोहोचते, हे कागदावर मांडत गेले, तर असे दिसते: फूल जाळीवरून सुमारे ८ सेंटिमीटर वरून जाते आणि पलीकडे साधारण २.२५ मीटरवर पडते. उत्तम सर्व्हिस! याच वेगाने आणि याच कोनात दगड फेकला, तर तो निघाल्या जागेपासून ७ मीटरवर पडेल. फूल मात्र ३.९ मीटरवरच उतरते. दगडाचा मार्ग अन्वस्ताचा असतो. फुलाचा मार्ग चढताना लांबट आणि उतरताना उभट असतो. जाळीजवळ हळुवार झुकणारी सर्व्हिस शक्य होते ती यामुळेच.

आता थोडी चूक करून पाहू. कोन तोच ठेवून वेग दहा टक्क्यांनी कमी केला, की फूल जाळीच्या पट्टीला लागते. वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर ते जाळीवर सुमारे १४ सेंटिमीटर जाते आणि समोरच्याला आयते मिळते. वेग तोच ठेवून कोन तीन अंशांनी कमी झाला, तरी फूल जाळीतच! थोडक्यात, इथे मनगटातल्या ताकदीपेक्षा तोच फटका पुन्हा तसाच मारता येणे महत्त्वाचे.

येथेच नवशिक्यांची खरी अडचण सापडते. पुष्कळ जण फूल उंचावरून सोडतात आणि ते पडत असताना रॅकेट फिरवतात. फूल ३० सेंटिमीटर खाली येते, तेव्हा सुमारे पाव सेकंद गेलेला असतो आणि त्याचा वेग दर सेकंदास २.४ मीटरच्या आसपास असतो. फटक्याची वेळ सेकंदाच्या विसाव्या भागाने चुकली, तर फटक्याची उंची १२ सेंटिमीटरने बदलते. आपल्या हाती सवलत होती फक्त ८ सेंटिमीटरची!

म्हणून उलट्या हाताची सर्व्हिस शिकावी. फूल पिसांच्या टोकाशी दोन बोटांत धरून रॅकेटच्या अगदी समोर आणावे. ते सोडताच रॅकेट थोडीशी पुढे ढकलावी; मोठा झोका घेऊ नये. फुलाला पडायला वेळच मिळत नाही, त्यामुळे वेळेची चूक जवळजवळ नाहीशी होते. फटका प्रथम बुचाला लागला पाहिजे, हाही नियमच आहे. बूच जड आणि पिसे हलकी, त्यामुळे फटका बसल्यावर सेकंदाच्या काही शतांश भागात फूल उलटून बूच पुढे करते. सोडताना बोटांनी फुलाला गिरकी दिली, तर ते वेडेवाकडे डोलत जाते. अशा सर्व्हिसवर २०२३ साली बंदी घालण्यात आली.

आता स्वतः करून पाहा. जाळीच्या वर २० सेंटिमीटरवर एक दोरी ताणून बांधा. पलीकडच्या रेषेच्या लगेच पुढे एक सोलापुरी टॉवेल अंथरा. जाळी आणि दोरी यांमधून फूल नेऊन टॉवेलवर टाकायचे. रोज ५० सर्व्हिस करा आणि वहीत तीन रकाने ठेवा: जाळीत, दोरीवरून, बरोबर. आठवड्याने रकाने पाहा. ‘जाळीत’ आणि ‘दोरीवरून’ दोन्ही सारखेच भरत असतील, तर हात स्थिर नाही. एकच रकाना भरत असेल, तर हात स्थिर आहे, फक्त कोन किंवा वेग थोडा बदलायला हवा. पहिली चूक सरावाने जाते, दुसरी विचाराने. प्रयोगशाळेत मोजमाप घेतानाही चुका याच दोन प्रकारच्या असतात. शिक्षकांनी हा धागा वर्गात जरूर जोडून दाखवावा.

आणखी एक सूचना. प्रयोग बंद दालनात करा. फूल हवेत जवळजवळ एक सेकंद असते, तेवढ्यात मंद झुळूकही त्याला वाट सोडायला लावते. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट दिसेल. ४२ अंश तापमानाची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी विरळ असते, म्हणून रोध कमी होऊन तेच फूल अधिक दूर जाते. हिवाळ्यात जमलेली सर्व्हिस मे महिन्यात लांब पडू लागली, तर हाताला दोष देण्याआधी तापमापक पाहा!