ऐकू येते, पण उमगत नाही

(द्वितीय वर्ष कला)

कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळची गोष्ट. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी वडिलांबरोबर एका कार्यालयाच्या खिडकीशी उभी होते. आतल्या गृहस्थांनी मान वर न करताच विचारले, "सही?" अण्णा म्हणाले, "वही घरी ऱ्हायली, साहेब." मागची रांग हसली. ते गृहस्थही हसले. आणि लिहायला लाज वाटते, पण मीही हसले. अण्णांनी सगळ्यांकडे पाहिले आणि तेही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

आंधळ्याची लोकांना कणव येते, बहिऱ्याचे हसू येते. नाटकातले बहिरे आजोबा आठवा, म्हणजे पटेल. त्या दिवसानंतर मी हा विषय समजून घेऊ लागले. जे कळले ते येथे मांडते.

आमचे गाव इचलकरंजी. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गावच मागांचे झाले. आमच्या गल्लीत रात्री खडखडाट चालू असताना झोप लागते. वीज गेली आणि माग थांबले, तर जाग येते! अण्णांनी तेवीस वर्षे या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे. ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला, तर कान हळूहळू निकामी होतो. मागाच्या शेडमध्ये हा आकडा नव्वदीच्याही पुढे जातो. अशा गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने कामगारांचा व्यावसायिक रोग मानला आहे. आमच्या घरात मात्र त्याला 'वय झालं' एवढेच नाव होते.

कानात नेमके काय होते? आवाजाने कानाचा पडदा थरथरतो. तो थरकाप हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांतून आत जातो. आत गोगलगायीच्या शंखासारखी वळसे घेतलेली नळी असते. तिच्यातल्या केसाळ पेशी तो थरकाप मज्जातंतूमार्फत मेंदूकडे पोचवतात. मळ साचला, कान फुटला, पडद्याला भोक पडले, तर दोष बाहेरच्या वाटेत असतो. तो बहुधा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दूर होतो. पण आतल्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने आधी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी जातात. स, श, फ ही अक्षरे त्याच पट्टीतली आणि मुळातच क्षीण. 'अ', 'आ', 'ई' असे स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. म्हणून 'सही'ची 'वही' होते. "आवाज येतोय गं, पण काय म्हणत्यात ते उमगत न्हाई," असे अण्णा का म्हणत, ते मला इतक्या उशिरा कळले.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे तपासणी. आम्ही वर्षभर कानात लसणीचे तेल घातले. पडद्याला भोक असेल तर त्याने अपायच होतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी केली की कोणत्या पट्टीचा आवाज किती कमी येतो याचा आलेखच हाती पडतो. तान्ह्या बाळाचीही चाचणी होऊ शकते आणि ती लवकर व्हावी, कारण न ऐकलेली भाषा मूल बोलू शकत नाही.

दुसरा उपाय श्रवणयंत्र. ते आलेखाप्रमाणे जुळवून घ्यावे लागते. बाजारातून आणून नुसते कानात घालण्याची ती वस्तू नव्हे. चष्म्यासारखे पहिल्याच दिवशी स्वच्छही होत नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी ते काढून टाकले. "भांडी डोस्क्यात पडल्यागत वाटतंय," म्हणाले. तपासणाऱ्या बाईंनी सांगितले, आधी घरात, शांत वेळी, तासभर घाला. मग वेळ वाढवा. दीड महिन्याने ते आईशी हळू आवाजात बोलू लागले. बाजारात अजूनही त्यांना नीट उमगत नाही. यंत्र भाजीवाल्याबरोबर मोटारींचे भोंगेही मोठे करते. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची १९८१ पासूनची 'एडिप' योजना आहे. तिला अपंगत्वाचा दाखला लागतो आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही अशांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट असते. शस्त्रक्रियेने आतल्या नळीत विजेची बारीक तार बसवतात आणि ती थेट मज्जातंतूला संदेश देते. लहानपणी केल्यास लाभ अधिक. मात्र पुढे वाचा-प्रशिक्षण हवेच.

तिसरी वाट कानाची नाहीच, हातांची आहे. सांकेतिक भाषा म्हणजे खाणाखुणा नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीच्या केंद्रीय संस्थेने भारतीय सांकेतिक भाषेचा कोश २०१८ साली तीन हजार शब्दांनी सुरू केला. २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. शिवाय बोललेले मराठी अक्षरांत उमटवणारी सोय आता मोबाइलवरही आहे.

शेवटचा उपाय बिनपैशाचा आणि तो आपल्याच हाती आहे. बोलण्यापूर्वी समोरच्याचे लक्ष वेधावे. चेहरा उजेडात ठेवावा, तोंडावर हात धरू नये. ओरडू नये, ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजने नाहीत. एक वाक्य कळले नाही तर तेच चारदा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. "जाऊ दे, काही नाही," असे कधीही म्हणू नये. गुरुजनांना एक नम्र विनंती : फळ्याकडे तोंड करून बोललेले वाक्य मागच्या बाकावरच्या कुणाला तरी हुकत असेल. तो विद्यार्थी हात वर करणार नाही, कारण त्याला हसण्याची भीती आहे.

यंदा पुन्हा त्याच खिडकीशी गेलो. आतून काही तरी विचारले गेले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाले, "सही, अण्णा," आणि तळहातावर बोटाने लिहिल्यासारखे केले. त्यांनी खिशातून पेन काढले. रांगेत कुणी हसले नाही. एवढेच हवे होते आणि त्याला मला दोन वर्षे लागली. आपल्यापैकी कुणाला एवढी लागू नयेत, म्हणून हा लेख.