न घडलेल्या गोष्टींचा राग

जंगलात एक आडवाटेची वसाहत आहे. आत निसर्गाची उपासना करणारे ड्रुइड राहतात आणि त्यांच्या आसऱ्याला आलेली शिंगवाली टिफ्लिंग माणसं, पोराबाळांसकट. बाहेर गॉब्लिनांची टोळी ही वसाहत शोधत फिरते आहे. टोळीची एक म्होरकी, मिंथारा, भेटली की तुम्हाला पत्ता विचारते. सांगायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्यावर. पत्ता सांगितलात, वेशीचं दार उघडून दिलंत आणि आतली माणसं कापली गेली, तर कार्लाक तुमची साथ सोडते. तोवर तुमच्या खांद्याला खांदा लावून लढलेली, खदाखदा हसणारी, धिप्पाड कार्लाक. दुसरा सोबती विलही निघून जातो. पुढचा सगळा प्रवास त्या दोघांविना करायचा.

कार्लाकला आवाज दिलाय सामंथा बेअर्ट या कलाकाराने. तो संताप, ती तुटलेली वाक्यं, सगळं स्टुडिओत रेकॉर्ड झालं तेव्हा तुमच्या हातात गेम आलेलाही नव्हता. तुम्ही अजून केलंच नाही अशा कृत्याचा राग कुणीतरी आधीच मनापासून व्यक्त करून ठेवला आहे. ज्याने ते दार उघडलं नाही, त्याच्या कानावर तो राग कधी पडणारही नाही. मला या खेळात सगळ्यात मोठं नवल वाटतं ते याचं. राक्षस, जादू, ड्रॅगन हे सगळं त्याच्यानंतर.

हा गेम म्हणजे ‘बाल्डर्स गेट ३’. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजने तो ३ ऑगस्ट २०२३ रोजी संगणकासाठी पूर्ण स्वरूपात आणला आणि त्याच वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. खेळाचा ढाचा सोपा आहे. तुम्ही एक पात्र घडवायचं: योद्धा, चोर, जादूगार, जे हवं ते. वाटेत सोबती भेटतात. त्यातले तीन बरोबर घ्यायचे, बाकीचे तळावर थांबतात. चौघांच्या या टोळक्याला खेळाडू ‘पार्टी’ म्हणतात.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडे, घाटमाथ्याच्या आदिवासी पट्ट्यात वाढलेल्या माणसाला असं दुसऱ्याचं रूप घेणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात तिथे बोहाडा होतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर रात्रभर एकामागून एक सोंगं येतात. आधी गणपती, मग शारदा, पुढे मारुती, वेताळ, रावण. पहाटेकडे देवी आणि महिषासुराचं युद्ध. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले, चांगले जड. बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुणी नाचवायचं, तो मान ठरावीक घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. काल भाताच्या खाचरात दिसलेला माणूस आज देवाचा मुखवटा चढवून आला की लोक त्याला हात जोडतात. आतला माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो आणि तरी तो देव असतो. दोन्ही एकाच वेळी खरं.

बोहाड्यात प्रत्येक मुखवट्याच्या आत जिवंत माणूस नाचतो. गेममध्ये एक सोंग तुम्ही घेता, मग उरलेल्या तिघांच्या आत कोण असतं?

सुरुवातीला तिथेही माणसंच होती. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या छोट्या गावात, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली चार-पाच मित्रमंडळी. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होणार. पार्टी म्हणजे समोर बसलेले मित्र. तुम्ही नीचपणा केलात तर शेजारचा खराखुरा चिडायचा.

मग हा खेळ संगणकावर आला आणि मित्र गायब झाले. १९८१ च्या ‘विझार्ड्री’मध्ये पार्टी सहा जणांची होती, पण सहाही जणांना एकटा खेळाडू हलवायचा आणि ते सगळे मुके. कुणाला काही वाटायचं नाही. ती उणीव भरून काढण्यात बरीच वर्षं गेली. कॅनडातल्या एडमंटनमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या काही तरुण डॉक्टरांनी बायोवेअर ही कंपनी काढली. तिच्या १९९८ च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मधले सोबती बोलायचे, आपसांत भांडायचे आणि तुमची वागणूक अगदीच पटेनाशी झाली तर चालते व्हायचे. माझ्या मते या खेळांच्या इतिहासातला खरा टप्पा हाच. सोबत्याला निघून जाता आलं, तेव्हाच त्याच्या सोबतीला मोल आलं.

आता हे घडतं कसं, ते पाहू. प्रत्येक सोबत्याच्या नावावर एक आकडा असतो, तुमच्याबद्दलच्या मताचा. तुम्ही एखाद्या गरिबाला फुकट मदत करता आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ओळ उमटते की ॲस्टेरियनला हे आवडलं नाही. ॲस्टेरियन दोनशे वर्षं एका क्रूर धन्याच्या मुठीत राहिलेला रक्तपिपासू आहे. दयेवर त्याचा विश्वास नाही. त्याच क्षणी विलला मात्र ते आवडलेलं असतं. आकडा एकाचा घटला, दुसऱ्याचा वाढला. यंत्राला एवढंच कळतं.

या आकड्याच्या जोडीला खुणा असतात. वसाहत वाचवली की नाही? अमक्या कैद्याला सोडलं की नाही? प्रत्येक खूण ‘हो’ किंवा ‘नाही’. अशा फक्त वीस खुणा धरल्या तरी त्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या होतात १०,४८,५७६. इतक्या गोष्टी कोणी लिहू शकत नाही. म्हणून लेखक प्रत्येक जुळणीसाठी स्वतंत्र गोष्ट लिहीत नाहीत. एकेका खुणेला लागून छोटे संवाद लिहितात आणि कुठला कधी वाजवायचा, याचे नियम बांधतात. तरीही गेममधल्या चित्रित प्रसंगांची एकूण लांबी लॅरियनने १७४ तास सांगितली होती आणि शेवटाच्या लहानमोठ्या फरकांची संख्या १७,०००. त्यातला किती थोडा भाग एका खेळाडूच्या वाट्याला येत असेल!

त्या संवादांत प्राण येतो तो कलाकारांमुळे. आवाजाबरोबर त्यांच्या शरीराच्या हालचालीही टिपलेल्या आहेत: मान वळवणं, नजर चुकवणं, बोलता बोलता हात आखडता घेणं. ॲस्टेरियन साकारणाऱ्या नील न्यूबनला २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. म्हणजे मुखवट्याच्या आत इथेही माणूस आहेच. फक्त त्याचं नाचून झालेलं आहे, आणि नाचताना समोर कोण बसणार, काय करणार, हे त्याला ठाऊक नव्हतं.

सोबत्याची मदत आकड्यांत कशी उतरते, तेही बघण्यासारखं आहे. एखाद्या पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं ठरवलंत की पडद्यावर वीस बाजूंचा मोठा फासा येतो. समजा, यशासाठी १५ हवेत आणि तुमच्या वाक्चातुर्याचे ३ गुण त्यात मिळतात. मग फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. अशा बाजू नऊ, म्हणून शक्यता ४५ टक्के. आता शॅडोहार्टसारखी उपासक सोबतीण ‘गाइडन्स’ हा छोटासा मंत्र टाकते. त्याने चार बाजूंचा आणखी एक फासा मिळतो आणि त्यावर पडतील तेवढे गुण वाढतात. चारही शक्यतांची सरासरी काढली तर यशाची शक्यता होते ५७.५ टक्के. जी गोष्ट होण्यापेक्षा न होण्याची शक्यता जास्त होती, ती आता होण्याकडे झुकली. फासा गडगडताना जीव मुठीत धरलेला असतो, आणि कधी कधी यश नेमकं त्या जास्तीच्या एक-दोन गुणांमुळे आलं, हे स्पष्ट दिसतं. सोबत असण्याचा फायदा इतका उघड दाखवणारं दुसरं गणित मला माहीत नाही.

सोबती मागोमाग चालतात, ही गोष्ट तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तुम्ही कड्यावरून वळसा घेऊन पूल ओलांडलात, तर मागच्या तिघांना वाट सापडते कशी? हे कोडं सोडवणारी एक नामांकित रीत पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी १९६८ मध्ये मांडली. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या ‘शेकी’ नावाच्या चालत्या यंत्रमानवाच्या कामातून ती निघाली. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढणारा माणूस फाट्यावर थांबून जे करतो, तेच ती करते: इथवर किती चाललो, आणि समोर दिसणाऱ्या माथ्यापर्यंत सरळ रेषेत अजून किती. दोन्हींची बेरीज जिथे कमी, ती वाट आधी तपासायची. सरळ रेषेतलं अंतर प्रत्यक्ष वाटेपेक्षा कधीच जास्त नसतं, त्यामुळे या रीतीने शोधलेली वाट सगळ्यात जवळचीच निघते. याची गणिती सिद्धता आहे. आजच्या असंख्य गेममध्ये या रीतीची कुठली ना कुठली आवृत्ती चालते.

पण वाट सापडणारा आणि मत असणारा सोबतीसुद्धा एका गोष्टीशिवाय लाकडीच राहतो. त्याला स्वतःचं काहीतरी हवं असावं लागतं. रामायणातले सोबती असेच आहेत. अकोले गावाजवळ प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. रावणाला मारणारा बाण रामाला अगस्तींनी इथेच दिला, अशी इथली श्रद्धा. वाल्मीकींच्या अरण्यकांडातही अगस्ती रामाला धनुष्य, अक्षय भाते आणि तलवार देतात. रामायणाचा तो भाग गेमच्या नजरेने पाहिला तर किती ओळखीचा वाटतो: वनवास, ऋषींकडून शस्त्र, मग एकेक सोबती. त्यातला प्रत्येक जण आपापल्या कारणाने आलेला. सुग्रीवाला गेलेलं राज्य परत हवंय, विभीषण सख्ख्या भावाला सोडून आलाय. कारणं वेगळी म्हणून माणसं वेगळी.

‘बाल्डर्स गेट ३’च्या लेखकांनी हे नेमकं हेरलंय. विलने एका सैतानी शक्तीशी करार केलाय आणि तिने त्याला कार्लाकला मारण्याचा हुकूम दिलाय. दोघांना तुम्ही समोरासमोर आणता. तिला जवळून पाहिल्यावर ती हुकुमात सांगितली तशी नाही, हे त्याला उमगतं. तो तिला सोडतो, आणि करार मोडल्याची शिक्षा म्हणून त्याच्या डोक्यावर शिंगं उगवतात. ती पुढे जात नाहीत. उरलेला सगळा खेळ तो शिंगं घेऊनच तुमच्याबरोबर चालतो.

आपल्याकडेही या वाटेवर पावलं पडली आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या सर्कशीतल्या मुलीची गोष्ट. तिच्याबरोबर पार्टी नाही. पण दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहतात, तिच्याबद्दल आपसांत बोलतात आणि ते बोलणं आपल्याला ऐकू येतं. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होतं. वेताळ आणि मारुती भांडत भांडत रतनगड चढताहेत, असा पार्टीचा गेम मराठीत यावा, असं मला फार वाटतं. सोंगं तयार आहेत, त्यांचे स्वभावही गावागावांत पाठ आहेत.

कुणाला ‘बाल्डर्स गेट ३’ खेळून पाहायचा असेल तर आधी संगणकावर १५० जीबी जागा रिकामी करा आणि इंग्रजी वाचायची तयारी ठेवा, कारण मराठीत तो उपलब्ध नाही. लढाई जिंकायच्या घाईत राहू नका. रोज रात्री तळावर जा, ज्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसेल त्याच्याकडे काहीतरी बोलण्यासारखं आहे असं समजा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या. बरोबरचे तिघे अधूनमधून बदला, कारण चालता चालता ते आपसांत काय बोलणार हे कोण कुणाबरोबर आहे त्यावर ठरतं. शॅडोहार्ट आणि लेझेल या दोघी सोबतिणींना सुरुवातीपासून एकत्र न्या. त्यांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही.