विखुरलेल्या खुणा जुळवणारे कार्यालय

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत ‘डीन ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे विद्यार्थी अधिष्ठाता या नावाचे एक पद असते, आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अधिष्ठाता म्हटल्यावर विज्ञान किंवा वाणिज्य शाखेचा प्रमुख येत असल्यामुळे या पदाचे वेगळेपण आधी सांगणे आवश्यक आहे. हा अधिष्ठाता अभ्यासक्रम आखत नाही, परीक्षा घेत नाही, प्राध्यापकांच्या नेमणुका करत नाही. विद्यार्थ्याचे वर्गाबाहेरचे आयुष्य कोसळू लागले की त्याची खबर जिथे पोहोचावी आणि मदतीची जुळवाजुळव जिथून सुरू व्हावी, ते कार्यालय तो चालवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री वडील गेल्याचा फोन आलेली विद्यार्थिनी, घरभाडे थकल्याने मोटारीत झोपणारा विद्यार्थी, चार आठवडे रुग्णालयात काढून परतल्यावर बुडालेल्या अभ्यासाने गांगरलेला तरुण आणि जगणे नकोसे झाल्याचे मैत्रिणीजवळ बोलून गेलेली तरुणी, ही सारी प्रकरणे त्या एकाच दारात येतात. तिथे उपचार होतात हा या कार्यालयाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. उपचार समुपदेशन केंद्रात आणि रुग्णालयात होतात. अधिष्ठात्याच्या वाट्याला येते ते वेगवेगळ्या माणसांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असलेली गोष्ट एका जागी आणण्याचे काम, आणि ते बाहेरून दिसत नसल्यामुळेच त्याचे मोल फार कमी लेखले जाते.

या पदाचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडते. हार्वर्डमध्ये लेबॅरन रसेल ब्रिग्ज, शिकागोत मॅरियन टॅलबट आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इलिनॉय विद्यापीठात थॉमस आर्कल क्लार्क यांनी विद्यार्थ्यांची जातीने विचारपूस करण्याचे काम विद्यापीठाच्या चाकोरीत आणले. त्या काळी यामागे ‘इन लोको पॅरेंटिस’ या लॅटिन नावाने ओळखले जाणारे तत्त्व होते, ज्याचा अर्थ ‘पालकाच्या जागी’ असा होतो आणि ज्यानुसार घरी वडिलांना असतो तो अधिकार विद्यापीठाला मिळे. त्या तत्त्वाने माया दिली तशी बेबंद सत्ताही दिली. १९६० साली अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे न्यायालयाच्या इमारतीतील उपाहारगृहात जेवण मागितलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांच्या सरकारी महाविद्यालयाने कोणतीही सुनावणी न घेता काढून टाकले, तेव्हा १९६१ मध्ये अपील न्यायालयाने सरकारी महाविद्यालयांना बजावले की विद्यार्थ्याला आरोप कळवल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय असे हाकलता येणार नाही. त्या निकालानंतर पालकत्वाचे तत्त्व मोडीत निघत गेले आणि विद्यार्थी हा सज्ञान नागरिक ठरला. पण त्याबरोबरच सज्ञान माणसाच्या खासगी दुःखात आपण कशाला पडायचे, असा सोयीचा पवित्राही अनेक संस्थांना घेता आला. आजच्या अधिष्ठात्याचे अवघड स्थान याच इतिहासातून आले आहे, कारण पालकाची सत्ता त्याच्याकडे उरलेली नसली तरी पालकासारखी काळजी घेण्याची अपेक्षा मात्र उरली आहे.

ही अपेक्षा कायद्याच्या भाषेत येण्यास एका भारतीय विद्यार्थ्याच्या हातून घडलेला गुन्हा कारणीभूत ठरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने एका तरुणीला मारण्याचा विचार विद्यापीठाच्याच मानसोपचारतज्ज्ञाजवळ बोलून दाखवला होता. त्या तज्ज्ञाने आवारातील पोलिसांना कळवले, पोलिसांनी विद्यार्थ्याला थोडा वेळ ताब्यात ठेवून सोडून दिले, तरुणीला मात्र कोणीच सावध केले नाही आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तिचा खून झाला. ‘तारासॉफ खटला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७६ च्या निकालात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका आहे असे दिसत असेल, तर त्याचे रक्षण करण्यासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे.

तरीही विद्यापीठांच्या कारभाराला खरा धक्का बसला तो १६ एप्रिल २००७ रोजी. त्या दिवशी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले आणि मग स्वतःचा जीव घेतला. मृतांमध्ये भारतीय वंशाचे एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही होती. राज्यपालांनी नेमलेल्या समितीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात जे चित्र उभे राहिले, ते या विषयाच्या अभ्यासकाने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. त्या विद्यार्थ्याचे लेखन आणि वर्गातील वागणे पाहून इंग्रजी विभागातील प्राध्यापक २००५ मध्येच अस्वस्थ झाले होते व विभागप्रमुखांनी त्याला वर्गातून काढून स्वतंत्रपणे शिकवले होते. वसतिगृहातील कर्मचाऱ्यांना त्याच्या विचित्र वर्तनाची माहिती होती. विद्यार्थिनींनी त्रासाच्या तक्रारी केल्यामुळे पोलीस त्याला भेटून गेले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने बाह्यरुग्ण म्हणून उपचार घ्यावेत असा न्यायालयीन आदेशही झाला होता. म्हणजे जे कळायला हवे होते त्यातले बरेचसे कोणाला ना कोणाला कळलेले होते. विभागाकडे एक तुकडा होता, वसतिगृहाकडे दुसरा, पोलिसांकडे तिसरा आणि समुपदेशन केंद्राकडे चौथा, आणि खासगीपणाचे कायदे आपल्याला बोलू देत नाहीत अशा चुकीच्या समजुतीमुळे प्रत्येकाने आपला तुकडा आपल्यापाशीच ठेवला. सर्व खुणा एका टेबलावर आल्या असत्या तर ते हत्याकांड टळलेच असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र त्या टेबलावर आल्याच नाहीत, ही गोष्ट निर्विवाद आहे.

यानंतर व्हर्जिनिया राज्याने २००८ मध्ये सरकारी विद्यापीठांना धोक्याचे मूल्यमापन करणारे पथक नेमणे बंधनकारक केले आणि देशभरातील विद्यापीठांनी ‘केअर टीम’सारख्या नावांनी काळजी-पथके उभारली किंवा असलेली पथके नव्याने बांधली. हे पथक साधारणपणे आठवड्यातून एकदा भरते. अधिष्ठाता किंवा त्याचा उपप्रमुख अध्यक्षस्थानी असतो. वसतिगृहांचा प्रमुख, आवारातील पोलिसांचा प्रतिनिधी, अपंग विद्यार्थ्यांच्या सुविधा पाहणारा अधिकारी, समुपदेशन केंद्राचा प्रतिनिधी आणि गरजेनुसार विद्यापीठाचा वकील असे लोक भोवती बसतात, आणि आठवड्यात आलेल्या, विद्यार्थ्याविषयी काळजी व्यक्त करणाऱ्या एकेका निवेदनावर चर्चा होते. नेतृत्वाची कसोटी इथे लागते, कारण टेबलाभोवतीचा प्रत्येक जण आपापल्या धंद्याच्या सवयीने पाहत असतो: पोलिसाला धोका दिसतो, वकिलाला दावा दिसतो, समुपदेशकाला रुग्ण दिसतो, वसतिगृहप्रमुखाला शेजारच्या खोल्यांतील घाबरलेली मुले दिसतात. या साऱ्यांतून त्या विद्यार्थ्याला माणूस म्हणून डोळ्यांपुढे ठेवणे, त्याच्याशी कोण बोलेल आणि कधी बोलेल हे ठरवणे व पुढच्या आठवड्यात त्याचे काय झाले हे न विसरता विचारणे, हे अध्यक्षाचे काम असते. ते साधेसुधे वाटते, पण अनुभवी माणसालाच जमते.

ठरलेली गोष्ट प्रत्यक्षात आणतो तो ‘केस मॅनेजर’, ज्याला मराठीत प्रकरण-समन्वयक म्हणता येईल. विद्यार्थ्याच्या संमतीने तो प्राध्यापकांना पत्र लिहितो, ज्यात अनुपस्थितीला सबळ कारण आहे इतकेच नमूद असते आणि ते कारण कोणते हे सांगितलेले नसते. अपुऱ्या राहिलेल्या विषयाला नापासाऐवजी ‘इन्कम्प्लीट’ म्हणजे ‘अपूर्ण’ असा शेरा मिळावा म्हणून विनंती करतो. थकलेल्या भाड्यासाठी परत करावे न लागणारे तातडीचे अनुदान मिळवून देतो आणि आवारातील धान्य-भांडाराचा रस्ता दाखवतो. मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले असे भांडार देशातील पहिले मानले जाते, आणि आज शेकडो आवारांत अशी भांडारे आहेत. मानसिक संकटाची कहाणी कित्येकदा रिकाम्या पोटापाशी सुरू होते, हे ज्या कार्यालयाला उमगले तेच कार्यालय नीट चालते. यातही शेरा किंवा अनुदान यांपैकी काहीही समन्वयक किंवा अधिष्ठाता हुकूम सोडून मिळवू शकत नाही, कारण गुण देण्याचा अधिकार प्राध्यापकाचा, उपचाराचा डॉक्टरचा आणि पैशाचा बहुधा तिसऱ्याच खात्याचा असतो. अधिष्ठात्याची सारी शक्ती लोकांचा विश्वास आणि त्याने वर्षानुवर्षे जोडलेले संबंध यांत असते.

गुपिताचा प्रश्न यापेक्षाही नाजूक आहे. समुपदेशकाजवळ बोललेले गोपनीय असते व जिवाला धोका वगळता ते बाहेर जात नाही. अधिष्ठात्याच्या कार्यालयात बोललेले खासगी असते, म्हणजे ते चव्हाट्यावर येत नाही, पण कामासाठी ज्याला कळणे आवश्यक आहे त्याला ते कळवले जाऊ शकते. हा फरक विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. पालकांच्या बाबतीत १९७४ चा ‘फर्पा’ कायदा लागू होतो, ज्यामुळे विद्यार्थी महाविद्यालयात दाखल होताच त्याच्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. पुण्यात किंवा नागपुरात बसलेले आई-बाप मुलगा चार दिवस फोन उचलत नाही म्हणून विद्यापीठाला फोन लावतात, तेव्हा मिळणारे मोघम उत्तर त्यांना निर्दयपणाचे वाटते, आणि ज्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकलेले असते त्यांना तसे वाटणे स्वाभाविकही आहे. त्या पालकांनी दोन गोष्टी जाणून ठेवाव्यात: विद्यापीठ त्यांना माहिती देण्यास बांधील नसले तरी त्यांच्याकडून माहिती घेण्यास कोणताही कायदा आड येत नाही, आणि मुलाची प्रत्यक्ष गाठ घेऊन त्याला घरी फोन करायला सांगा, अशी विनंती त्यांना हक्काने करता येते. शिवाय आरोग्य किंवा सुरक्षिततेची आणीबाणी असेल तर पालकांना कळवण्याची मुभा त्या कायद्यातच आहे, आणि व्हर्जिनिया टेकच्या घटनेनंतर २००८ मध्ये नियम बदलून ती अधिक स्पष्ट करण्यात आली.

सर्वांत वादग्रस्त निर्णय असतो विद्यार्थ्याला सुटीवर पाठवण्याचा. काही विद्यापीठे आत्महत्येचा विचार व्यक्त केलेल्या विद्यार्थ्याला घाईने घरी धाडत असत आणि परतीची वाट इतकी बिकट ठेवत असत की विद्यार्थी मदत मागायलाच घाबरू लागले. स्टॅनफर्डविरुद्ध २०१८ मध्ये आणि येलविरुद्ध २०२२ मध्ये यावरून दावे झाले. अनुक्रमे २०१९ व २०२३ मध्ये त्यांत तडजोड झाली आणि दोन्ही विद्यापीठांनी सुटीचे नियम बदलले. दुसऱ्या बाजूने मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की विद्यार्थ्याने शिकत असताना किंवा प्रवेशाच्या थोडे आधी आत्महत्येचा प्रयत्न केला आहे, अथवा तसा बेत बोलून दाखवला आहे, हे विद्यापीठाला प्रत्यक्ष ठाऊक असेल तर वाजवी पावले उचलणे त्याचे कर्तव्य आहे. दुर्लक्ष केले तरी दोष आणि हाकलले तरी दोष अशा या चिंचोळ्या वाटेवर अधिष्ठात्याला दर आठवड्याला चालावे लागते. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यात व्हिसाची भर पडते, कारण एफ-१ व्हिसावर पूर्ण अभ्यासभार घेणे सक्तीचे असते. आजारपणात तो कमी करण्याची सवलत पात्र डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाच्या पत्रावर मिळते, पण एका शैक्षणिक पातळीवर एकंदर १२ महिन्यांपुरतीच आणि विद्यापीठाच्या नियुक्त अधिकाऱ्याने आधी मंजुरी दिली तरच. आधी विषय सोडून मग अधिकाऱ्याकडे गेलेल्या विद्यार्थ्याचे वास्तव्यच बेकायदा ठरू शकते, आणि ही साधी बाब ठाऊक नसल्याने आजारातून उठणाऱ्या मुलावर दुसरे संकट कोसळते.

महाराष्ट्रात या साऱ्याचे सुटे भाग आज अस्तित्वात आहेत. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले असल्याने पोलीस प्रकरण होईल या भीतीने गोष्ट दडपण्याचे कारण उरलेले नाही. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य साहाय्याची शासकीय सेवा मराठीतूनही उपलब्ध आहे. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर राष्ट्रीय कृती दल नेमले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे निर्देश दिले. समुपदेशक हवाच, पण तो त्याच्या खोलीत बसून जो आपणहून येईल त्यालाच भेटू शकतो. एखादा मुलगा आठ दिवस जेवायला आला नाही हे मेसच्या वहीत दिसते, त्याची शिष्यवृत्ती अडकली आहे हे कार्यालयातील लिपिकाला ठाऊक असते, त्याची हजेरी तुटल्याचे वर्गशिक्षकाला माहीत असते आणि त्याच्या खोलीचा दिवा रात्रभर जळतो हे रेक्टरने पाहिलेले असते. या चौघांना दर सोमवारी एकत्र बसवून त्या मुलाचे नाव घेणे हे आपल्या बहुतेक महाविद्यालयांत आजही कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.